गाईड हातात, गट मात्र गप्प : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं, की घरसभेत बायबल अभ्यास घेणाऱ्यांना काही अडचणी असतील तर कळवा. तर पत्रं आली, व्हॉट्सअॅपवर मेसेज आले, एका ताईंनी तर सात मिनिटांची ऑडिओ क्लिप पाठवली, मागे कुकरच्या शिट्ट्या चालू. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलंय म्हणून फक्त गावं दिलीत.

प्रश्न : जय ख्रिस्त. मी २४ वर्षांचा आहे. आमच्या तरुण संघात दर बुधवारी मार्ककृत शुभवर्तमानाचा अभ्यास घेतो. पाळकसाहेबांनी एक इंग्रजी गाईड दिलंय, शिवाय दोन कॉमेंट्र्या (बायबलवरची भाष्यं) वाचून नोट्स काढतो, तीन-तीन तास तयारी करतो. नऊ-दहा जण येतात पण बोलत कोणीच नाही. प्रश्न विचारला की सगळे खाली बघतात आणि शेवटी मीच उत्तर देतो. चुकतंय कुठं? — अहिल्यानगर

उत्तर : भाऊ, तीन तास तयारी करतोस हे वाचून आधी तर बरंच वाटलं, कारण गाडीवरून येता येता सिग्नलला अध्याय उघडणारे पण मी पाहिलेत. तुझी तयारी चुकत नाहीये, ती सगळीच्या सगळी तू गटात ओततोस तिथं गडबड होते.

माझं पण सुरुवातीला हेच व्हायचं. मार्कचा दुसरा अध्याय चालू होता, तो पक्षाघात झालेला माणूस, चौघांनी खाटेवर येशूकडे आणलेला, गर्दीमुळे दारातून आत जाता येईना म्हणून छप्पर उकरून खाली सोडला तो. मी कॉमेंट्रीत वाचून गेलेलो, त्यामुळे सांगतोय, की त्या काळी तिकडची घरं सपाट छपराची असायची, आडव्या तुळया, त्यावर फांद्या, त्यावर थापलेली माती, बाहेरून वर जायला पायऱ्या. दहा मिनिटं सहज झाली असतील. कोपऱ्यात एक आजी बसलेल्या, मूळच्या बीडकडच्या, त्या म्हणाल्या, "आरं मंग माळवदच की ते." आणि मग त्यांनीच सांगायला सुरुवात केली, की माळवदावर पावसाळ्याच्या आधी माती टाकून चोपावी लागते, पोरं वर नाचली की खाली जेवणाऱ्याच्या ताटात माती पडते, त्यावरून किती शिव्या खाल्ल्यात. मग आत येशूपाशी बसलेल्या शास्त्र्यांबद्दल, म्हणजे धर्मशास्त्र शिकवणाऱ्यांबद्दल म्हणाल्या, "त्या शास्त्र्यांच्या डोक्यावर पडली असंल की माती, आणि घरवाला काय म्हणला आसंल?" सगळे हसले आणि त्या दिवशी आमच्या गटात पहिल्यांदा चार माणसं एकदम बोलली. माझ्या दहा मिनिटांनी जे झालं नव्हतं ते त्यांच्या माळवदाने झालं.

आता गंमत पुढे आहे. एका मुलीने लूकचा पाचवा अध्याय उघडला आणि म्हणाली, पण इथे तर कौलांचा उल्लेख आहे, मग माळवद कसं? तेव्हा मी नोट्स उघडल्या आणि सांगितलं, की बऱ्याच अभ्यासकांच्या मते लूक ज्या ग्रीक-रोमी शहरातल्या वाचकांसाठी लिहितोय त्यांना कौलारू घरं ओळखीची, म्हणून त्याने तसं सांगितलं असावं. अर्ध्या मिनिटात झालं. सगळ्यांनी कान देऊन ऐकलं, कारण प्रश्न त्यांचा होता. कॉमेंट्री आधी उघडली की ती भाषण होते, आणि कोणी विचारल्यावर उघडली की तीच उपयोगी पडते, बस एवढाच फरक आहे.

म्हणजे तीन तास तयारी कर, जरूर कर, पण त्यातला पहिला एक तास गाईड आणि कॉमेंट्री दोन्ही बंद ठेव. फक्त उतारा. चार वेळा वाच, त्यातला एकदा मोठ्याने. तुला स्वतःला काय खटकतं ते लिही. उदाहरणार्थ हाच उतारा घे, येशूने कोणाचा विश्वास पाहिला? वचन ५ नीट बघ, "त्यांचा" असं आहे, म्हणजे खाटेवरच्या माणसाबद्दल तर काही म्हटलेलंच नाही. आणि आणलं होतं चालता यावं म्हणून, पण येशू आधी बोलतो पापांच्या क्षमेबद्दल, तर त्या चौघांना वर छपराच्या भोकातून बघताना काय वाटलं असेल? असे दोन-तीन प्रश्न हाताशी आले की मग गाईड उघड. त्यात बारा-पंधरा प्रश्न असतात, सगळे घ्यायचे नसतात बरं का, ही फार जणांची समजूत आहे की गाईड म्हणजे परीक्षेचा पेपर. चार-पाच निवड. गाईडवाले साधारण तीन पायऱ्यांनी जातात, आधी काय लिहिलंय, मग त्याचा अर्थ काय, मग आपण काय करायचं. पहिली पायरी आपल्याला बालिश वाटते म्हणून आपण गाळतो आणि थेट "याचा अर्थ काय" वर उडी मारतो, मग माणसं घाबरतात, कारण अर्थ चुकू शकतो. "किती माणसांनी उचललं होतं?" हे चुकत नाही. एकदा तोंड उघडलं की दुसऱ्यांदा सोपं जातं.

आणि प्रश्न विचारल्यावर गप्प बस. मनात वीस अंक मोज. वीस म्हणजे फार वाटतात, आठव्या अंकाला घाम फुटतो, पण साधारण चौदाच्या आसपास कोणीतरी बोलतंच, आणि नाही बोललं तर तोच प्रश्न वेगळ्या शब्दात विचार, उत्तर मात्र तू देऊ नकोस. एकदा दिलंस की गटाला कळतं, खाली बघितलं तर हा स्वतःच सांगतो.

अजून एक, खुर्च्या रांगेत असतील तर गोल लाव, नाहीतर चटईवर बसा. आणि सव्वा तासात संपव. पौलाचं बोलणं मध्यरात्रीपर्यंत लांबलं तेव्हा युतुख नावाचा तरुण खिडकीत पेंगून तिसऱ्या मजल्यावरून पडला, प्रेषितांची कृत्ये अध्याय २०. पौलाने त्याला पुन्हा जिवंत उभं केलं. तुझ्या-माझ्या गटात ती सोय नाही.

प्रश्न : सप्रेम सलाम. मला अभ्यासासाठी एखादी चांगली कॉमेंट्री घ्यायची आहे. इंग्रजी वाचता येतं पण हळू. बजेट फार नाही. कोणती घेऊ? — लातूर

उत्तर : ताई, कॉमेंट्रीच्या आधी दुसरं भाषांतर घ्या. खरंच सांगतोय. आपल्याकडे बहुतेक घरात बायबल सोसायटीचं जुन्या वळणाचं पवित्र शास्त्र असतं, त्याच्या शेजारी सोप्या मराठीतलं एखादं ठेवा, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल मिळालं तर तेही ठेवा, त्यातल्या नव्या करारासाठी त्यांना २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला होता आणि तळटीपा पण चांगल्या आहेत. एकच वचन दोन ठिकाणी वाचायचं. जिथे दोन्ही सारखं म्हणतात तिथे फार डोकं लावायला नको, जिथे वेगळं म्हणतात तिथे मूळ भाषेत काहीतरी अवघड आहे असं समजून पेन्सिलने खूण करायची आणि मग कॉमेंट्रीत फक्त तेवढंच शोधायचं. हळू वाचणाऱ्याला हे फार सोयीचं पडतं.

आणि भाषांतर म्हणजे काही कमी अभ्यास नाही हो. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं, आयुष्याची शेवटची पंधरा-वीस वर्षं त्यात घातली, १९२२ मध्ये त्या गेल्या आणि पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये छापून आला. शब्द निवडताना त्यांनी जो विचार केला असेल तो एखाद्या भाष्यकाराच्या तोडीचाच की. कुठे जुनी प्रत बघायला मिळाली तर सोडू नका.

आता कॉमेंट्रीचं. मॅथ्यू हेन्री हा जुना भाष्यकार सगळीकडे फुकट मिळतो, फोनमध्ये पण असतो, म्हणून सगळे तोच वापरतात. भक्तीसाठी छान आहे, वाक्यं मनात राहतात. पण माणूस १७१४ मध्ये वारला, नव्या करारात प्रेषितांची कृत्ये संपवून, पुढची पत्रं आणि प्रकटीकरण दुसऱ्या पाळकांनी पूर्ण केलं. मृत समुद्राजवळच्या गुंडाळ्या, म्हणजे बायबलची फार जुनी हस्तलिखितं, सापडायला १९४७ साल उजाडलं. म्हणजे त्या काळची घरं, नाणी, चालीरीती, हस्तलिखितं याबद्दल नंतर जे कळलं ते त्याच्याकडे असणारच नाही, त्याच्याकडून ते मागू पण नका.

नव्या करारासाठी विल्यम बार्कले वाचायला सोपा, ग्लासगोचा प्राध्यापक, पण लिहायचा साध्या माणसासाठी, ग्रीक शब्दाचा अर्थ गोष्टीसारखा उलगडतो. फक्त चमत्कार आला की जरा सावध. पाच हजारांना जेवू घातलं तिथे तो असाही एक अर्थ पुढे ठेवतो, की त्या मुलाची भाकर बघून लोकांनी आपापल्या लपवलेल्या शिदोऱ्या बाहेर काढल्या असतील. वाचायला गोड आहे पण मार्क असं कुठे म्हणत नाही. वाचा आणि पुढे चला.

पण एकच घ्यायची तर संच घेऊ नका, एका खंडातली घ्या. साउथ एशिया बायबल कॉमेंट्री म्हणून २०१५ मध्ये आलेला जाडजूड ग्रंथ आहे, लिहिणारे आपल्याच भागातले, त्यामुळे मूर्तीला दाखवलेला नैवेद्य, जात, हुंडा, एकत्र कुटुंब हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. १ करिंथचा आठवा अध्याय घेताना शेजारच्यांनी आणून दिलेल्या प्रसादाचा प्रश्न तुमच्या गटात निघणारच, तिथे परदेशी पुस्तक चाचपडतं. आणि विकत घ्यायच्या आधी पाळकसाहेबांना विचारा, सेमिनरीत शिकून आलेल्यांच्या कपाटात बरंच काही धूळ खात असतं.

प्रश्न : आमच्या गटात एक भाऊ फोनवर एक कॉमेंट्री उघडून बसतात आणि मी दुसरी वाचून गेलेले असते. दोन्हीत वेगळंच काहीतरी असतं, मग वाद होतो. पौल स्वतःला छळणाऱ्या ज्या गोष्टीला "शरीरातला काटा" म्हणतो, तिच्यावरून तर दोन आठवडे गेले. बरोबर कोण हे कसं ठरवायचं? — पिंपरी

उत्तर : काट्यावरून दोन आठवडे म्हणजे तुम्ही स्वस्तात सुटलात, विद्वानांचं कित्येक शतकं चाललंय. कोणी डोळ्यांचा आजार म्हणतं, कारण गलतीकरांना तो लिहितो की तुम्ही मला आपले डोळे काढून दिले असते. विल्यम रॅमसे म्हणून स्कॉटिश अभ्यासक होते, आशिया मायनरमध्ये भरपूर फिरलेले, त्यांचं म्हणणं मलेरिया. कोणी छळ करणारी माणसं म्हणतं. आता इतकी हुशार माणसं इतकी वेगवेगळी उत्तरं देतात तेव्हा त्याचा सरळ अर्थ असा, की पौलाने सांगितलेलं नाही. जे सांगितलंय ते मात्र अगदी स्पष्ट आहे, की तीनदा विनंती केली, काटा गेला नाही, आणि "माझी कृपा तुला पुरे" असं उत्तर मिळालं. तुमच्या गटात मधुमेहवाले असतील, मूल नसलेले असतील, ज्यांनी तीनशेदा विनंती केली असेल. दोन आठवडे त्यावर गेले असते तर चाललं असतं.

तर त्या भावाला फोन बंद करा असं सांगू नका, चिडतील. सांगा की दोघांनीही आपापली कॉमेंट्री काय म्हणते ते दोन वाक्यात सांगू आणि मग गट उताऱ्यातून बघेल कोणाला आधार जास्त आहे. बिरुयातले लोक पौलाचं बोलणं सुद्धा रोज शास्त्रात ताडून बघायचे, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकच केलंय, मग कॉमेंट्री काय चीज आहे.

छापलेलं सगळं खरं नसतं हे मी चांगलंच आपटून शिकलोय. उंट आणि सुईचं नाक, मार्क १०:२५. मी एका जुन्या पुस्तकात वाचलेलं, की जेरुसलेमला एक बुटका दरवाजा होता, त्याला सुईचं नाक म्हणायचे आणि उंटाला ओझं उतरवून गुडघ्यावर बसून आत जावं लागायचं. इतकं आवडलं की तीन ठिकाणी सांगितलं, त्यातलं एक लग्न होतं. नंतर कळलं, की येशूच्या काळात असा दरवाजा असल्याचा काहीच पुरावा नाही, ही गोष्टच कित्येक शतकांनंतरची. आणि उतारा नीट वाचला असता तर मला पुस्तकाची गरजच नव्हती, कारण शिष्य थक्क होऊन विचारतात, मग तारण होणार तरी कोणाचं, आणि येशू म्हणतो माणसांना हे अशक्य आहे. ओझं उतरवून वाकून जाता येत असेल तर अशक्य कसलं? सुईच्या नाकाला आपण नेढं पण म्हणतो आणि राजगडाला सुवेळा माचीच्या वाटेवर नेढं आहे, त्यात माणसं खुशाल बसून फोटो काढतात. आमच्यातल्या एका ट्रेकरने तेच विचारलं होतं, "तसलं नेढं का?" नाही बाबा, कपडे शिवायच्या सुईचं.

प्रश्न : आमच्या गटात मंडळीतले एक ज्येष्ठ आहेत, निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. एकदा बोलायला लागले की वीस मिनिटं. माणूस चांगला आहे, ज्ञान पण आहे, पण त्यांच्यासमोर बायका तर अजिबातच बोलत नाहीत, त्यात त्यांची सून पण येते. मी वयाने लहान, थांबवू कशी? — कोल्हापूर

उत्तर : ताई, गटात थांबवू नका, अपमान होईल आणि मग सूनबाईंचं घरी काय होईल ते वेगळंच. मधल्या दिवशी घरी जा, चहा घ्या आणि त्यांना काम द्या. "गुरुजी, पुढच्या आठवड्यात फिलेमोनाचं पत्र आहे, त्या काळच्या गुलामांची काय परिस्थिती होती ते तुम्ही पाच मिनिटात सांगाल का? कॉमेंट्री मी आणून देते." पाच मिनिटं हा शब्द दोनदा म्हणा. शिक्षक आहेत, तास किती मिनिटांचा ते त्यांना कळतं. एकदा त्यांना हक्काची जागा मिळाली की मध्येमध्ये जागा शोधावी लागत नाही.

बसताना त्यांच्या समोर बसू नका, शेजारी बसा. समोर बसलात की नजरानजर होते आणि त्यांना वाटतं आपल्यालाच विचारलं. तरी लांबलंच तर, "गुरुजी, हे कुठल्या वचनात दिसलं तुम्हाला?" असं विचारा, अगदी आदराने, कारण वचन शोधायला चष्मा काढावा लागतो आणि तेवढ्यात दुसऱ्याला बोलता येतं (हे मी कोल्हापूरलाच शिकलो, कोणाकडून ते सांगत नाही).

सासऱ्यांसमोर सून बोलत नाही याला मात्र उपाय वेगळा, तिला आग्रह करू नका. तीन-तीन जणांचे छोटे गट पाडा, दहा मिनिटं, बायका बायका एका बाजूला. मग प्रत्येक गटातून एकीने येऊन सांगायचं, "आमच्या गटात असं निघालं." "मला वाटतं" म्हणायला जी घाबरते ती "आमच्यात निघालं" हे बिनधास्त म्हणते.

प्रश्न : आमचं गाईड अमेरिकन आहे. परवाचा प्रश्न होता, शेजाऱ्याच्या दारातला बर्फ काढायला तुम्ही कधी मदत केली आहे का. आम्ही सोलापूरला राहतो. — सोलापूर

उत्तर : सोलापूरला बर्फ म्हणजे उसाच्या रसातला, आणि तो काढायला कोणी मदत केली तर भांडण होईल.

गाईड म्हणजे शिवायला दिलेल्या कापडासारखं, मापं आपली आपणच घ्यायची. लिहिणाऱ्याला काय विचारायचं होतं ते ओळखायचं (शेजाऱ्यासाठी न सांगता राबणं) आणि आपलं उदाहरण घालायचं, नळाला पाणी चार दिवसांनी येतं तेव्हा वरच्या मजल्यावरच्या म्हातारीचं पिंप कोण भरतं?

पण त्याहून मोठी अडचण अशी, की शेवटचे हे "लागू करा" वाले प्रश्न कधीकधी वचनच वाकवतात. यिर्मया २९:११ घ्या, तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. कॅलेंडरवर असतं, दहावीच्या मुलांना दिलेल्या कार्डावर असतं, आणि गाईड विचारतं, देवाची तुमच्या करिअरसाठी काय योजना आहे? आता एक वचन मागे जा, दहावं. सत्तर वर्षं! बाबेलमध्ये धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेलं ते पत्र आहे. त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा खोटा संदेष्टा सांगत होता की दोन वर्षात सगळं ठीक होईल, आणि यिर्मया लिहितो, नाही, घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले बरेच जण परत जाणारच नव्हते. हे गटात नुसतं वाचून दाखवा आणि विचारा, गाव सोडून पोटासाठी पुण्या-मुंबईला गेलेलं आपल्यातलं कोण आहे, आणि तिथलं शहर त्याला आपलं वाटतं का? आमच्याकडे हे विचारलं तेव्हा सव्वा तासाचा नियम मीच मोडला होता.

प्रश्न : आम्ही वसईचे कॅथलिक, शेजारचं एक प्रोटेस्टंट कुटुंब आमच्या अभ्यासाला येतं. त्यांच्या बायबलमध्ये पुस्तकं कमी आहेत. काय करायचं? — वसई

उत्तर : तुमच्याकडे ७३, त्यांच्याकडे ६६, फरक सगळा जुन्या करारात आहे. नव्या करारातली २७ दोघांची सारखीच. सुरुवात लूकपासून करा, दोन वर्षं तरी वादाचं कारण नाही. पुस्तकांची नावं मात्र तुमच्याकडे आणि त्यांच्याकडे जरा वेगळी असतील, पहिल्या दिवशी पानं शोधायला एकमेकांना मदत करा, ओळख पण होते.

प्रश्न : मार्कचा अभ्यास संपत आलाय. एकाच्या बायबलमध्ये १६:९ पासून पुढे कंस आहे, दुसऱ्याच्यात तळटीप आहे, माझ्याच्यात काहीच नाही. एका काकूंना वाटतंय कोणीतरी बायबल बदललं. — जालना

उत्तर : काकूंना सांगा, लपवायचं असतं तर कंस कशाला घातला असता. सिनाय आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या दोन फार जुन्या हस्तलिखितांमध्ये मार्क ८ व्या वचनाला संपतो, नंतरच्या बहुतेक हस्तलिखितांमध्ये पुढची बारा वचनं आहेत, म्हणून छापणारे प्रामाणिकपणे खूण करतात. यासाठी कॉमेंट्री जरूर उघडा, इथे तिचंच काम आहे, पण पाच मिनिटांत बंद करा. मग आठवं वचन कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा, त्या बाया कबरेपासून थरथरत पळाल्या आणि भीतीमुळे कोणाला काही बोलल्या नाहीत. वाचून झालं की विचारा, बोलल्याच नाहीत तर मग आपल्याला कसं कळलं? आणि वीस अंक मोजा.